सुर्ला येथील संगीत मेळ्यात टिपर घुसवल्याबाबत

नाव : विठ्ठल सखाराम गवस, वय ४३ वर्षे, धंदा टिपर ड्रायव्हर, राहणार सुर्ला, तालुका डिचोली, भाड्याच्या खोलीत. मूळ गाव साटेली, तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग.

आज दिनांक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून मी सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी पार्वती असे दोघे राहतो. गेली अकरा वर्षे मी बाबुराव शेटकर, राहणार सुर्ला, यांच्या टिपरवर ड्रायव्हर आहे. आधी आम्ही खाणीचा माल जेटीवर नेत होतो. खाणी बंद पडल्यावर गाडी काही काळ उभी होती. नंतर मालकांनी किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा कचरा उचलण्याचे काम धरले. तो कचरा मी गावाबाहेरच्या बंद खाणीच्या खड्ड्यात ओतत होतो. तिथे ओतायला परवानगी आहे का, हे मी मालकांना कधी विचारले नाही.

खड्ड्याच्या खालच्या अंगाला शंभू घाडी यांचे घर आहे. ते खाणीवर वजनकाट्यावर होते व घुमट हे मातीच्या घटाचे वाद्य वाजवत. त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागल्यावर त्यांनी वाड्यावरच्या बायकांना जमवून सुका कचरा वेगळा करणे सुरू केले. माझी पत्नी त्यात पहिल्यापासून आहे. खड्ड्यात कचरा ओतायचे काम सोड, असे तिने मला दोनदा सांगितले. मी सोडले नाही. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

कचरा वेगळा करण्यासाठी शेड बांधायला पैसे जमवायचे, म्हणून शंभू यांनी काल रविवारी दुपारी तीनपासून शाळेमागच्या मैदानात संगीत मेळा ठेवला होता. भजन, फुगडी आणि घुमट आरती असा कार्यक्रम होता. शेड झाल्यावर पंचायतीकडून खड्डा बंद करून घेणार, असे शंभू यांनी गावात उघड सांगितले होते. मालकांना ते माहीत होते.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी भरून आणली. त्यात बाटल्या, प्लास्टिक व खरकटे होते. मालकांनी ती खड्ड्यावर न नेता घराजवळ उभी करायला सांगितली. का, ते मी विचारले नाही.

दुपारी साडेचारच्या सुमारास मालक गाडीजवळ आले. ते दारू प्यालेले नव्हते. ते म्हणाले, "ही गाडी मैदानार व्हर आनी मांडवांत रिती कर. कोयर जाय न्हय तांकां? घेवंदी." कोयर म्हणजे कचरा.

मी म्हणालो, "मालकानू, थय बायलमाणसा बसली हत. माजी बायलय थयच आसा."

त्यांनी माझ्या कानाखाली मारली व म्हणाले, "गाडी तुजी काय म्हजी? चावी दी."

मी चावी दिली.

मालक स्वतः गाडी चालवू लागले. मी डाव्या बाजूच्या पायरीवर चढून दरवाजा धरून राहिलो व त्यांना थांबवण्यासाठी ओरडत होतो. मैदानाच्या फाटकातून त्यांनी गाडी उलटी घेतली. त्या वेळी मांडवात आरती चालू होती, त्यामुळे गाडीचा रिव्हर्सचा आवाज लोकांना लवकर ऐकू आला नाही. शंभू स्टेजवरून उतरून गाडीच्या मागे आले. घुमट त्यांच्या गळ्यातच होते. ते हौद्याच्या मागच्या फाळक्यावर हात आपटून ओरडले, "रांव रे! फाटीं मनशां आसात!" हे मी ऐकले. काचा उघड्या होत्या. मालकांनीही ऐकले असणार.

गाडी थांबली नाही. शंभू फाळका आणि स्टेजचा कठडा यांच्यामध्ये सापडले. त्यांचा आवाज बंद झाला. मग मालकांनी हौदा वर घेतला. माल शंभूंवर व पुढच्या दोन रांगांवर पडू लागला. बायका किंचाळत होत्या. बाटल्या फुटत होत्या.

मी केबिनमध्ये शिरलो. सीटखाली चाकाचे नट खोलायची लोखंडी टामी असते, ती घेतली व मालकांच्या तोंडावर मारली. त्यांचा हात लिव्हरवरून सुटला. मी हौदा खाली घेतला, गाडी चार हात पुढे घेऊन इंजिन बंद केले. त्यानंतर मी मालकांना आणखी दोन वेळा मारले. त्या वेळी ते माझ्या अंगावर आले नव्हते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले होते. मग का मारले, असे विचारले असता सांगतो की, मला मारायचे होते.

मग मी उतरून हातांनी कचरा उपसू लागलो. काचेने माझा उजवा तळहात व तीन बोटे कापली. शंभू खाली मिळाले. त्यांची छाती दबलेली होती व घुमटाच्या खापऱ्या शर्टात रुतल्या होत्या. त्यांचा श्वास चालू नव्हता. इस्पितळात डॉक्टरांनी ते मयत असल्याचे सांगितले. मालक त्याच इस्पितळात दाखल आहेत. ते शुद्धीवर आले की नाही, मला माहीत नाही.

माझी पत्नी पुढच्या रांगेत होती. तिच्या कपाळाला बाटली लागून रक्त येत होते, तरी ती माझ्या बाजूला कचरा उपसत होती. शंभूंना बाहेर काढल्यावर तिने मला विचारले, "ह्यो माल कोणी भरून हाडल्यान?"

मी म्हणालो, "मीया."

ती उठून बायकांमध्ये जाऊन बसली.

झटापटीत मालकांना मार लागला, असे हवालदारसाहेबांनी आधी लिहिले होते. ते मी बदलून घेतले आहे. झटापट झाली नाही. मी मारले.

माझ्या पत्नीचा जबाब काल वेगळा घेतल्याचे समजले. तो मला वाचून दाखवलेला नाही व मी तो मागत नाही. तिने माझ्याविषयी त्यात जे सांगितले असेल, ते खरे धरावे.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला असून बरोबर आहे. उजव्या हाताला टाके असल्याने सही करता येत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.