जवाईबापूचा भाला

हे आता गप्प बसून चहा पिऊन राह्यले ना, म्हणून सांगतेच. लग्नानंतर पयल्यांदा आमच्या गावी आले आन् वैनगंगेत भाल्यानं मासोळी मारतो म्हणून हट्टच धरला. बल्लारपूरच्या नव्या मिलमधले बाबू, जोडे घालूनच पाण्यात! बाबानं भाला देला आन् बजावलं, "जवाईबापू, पोटात अंडी असलेली मासोळी मारायची नाई."

मायनं मसाला वाटून ठेवला. दुपारी हे आले रिकाम्या हातानं.

बाबा म्हणे, "काऊन जी, एकही नाई?"

"काय करू मामाजी? साऱ्याच अंडीवाल्या निघाल्या. सोडून देल्या."

बाबानं मान हलवली. मंग ह्यांच्या पायाकडे पाह्यलं. जोड्याच्या टोकाले आरपार भोक!

"आन् ह्या जोड्याच्या पोटात अंडी नव्हती वाटते?"