साहेबांनी ठरवलेली शिक्षा

मी मूळची माण तालुक्यातली, सहावीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आता बघा, इथं गाझियाबादला एका रिटायर जनरलसाहेबांकडे स्वयंपाक करते. साहेब मोठा माणूस. फौजेतल्या अफसरांना शिकवायचं कॉलेज त्यांनी सांभाळलं, आता परदेशात जाऊन कुठल्या देशानं कुणावर किती भरवसा ठेवावा ते सांगतात, म्हणे. गोरे लोक घरी येतात, दार लावून बोलतात, मी चहा घेऊन गेले की सगळे गप्प. मग माणसाला संशय येणार का नाही, तुम्हीच सांगा.

आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. पुऱ्या तळल्या, तेल निथळायला कागद पाहिजे, म्हणून बाहेरच्या टेबलावरचे दोन घेतले. रद्दीच वाटली हो मला. ते निघाले साहेबांच्या भाषणाचे, एकावर नकाशा, आणि नकाशावर पुऱ्यांचे गोल डाग. साहेबांनी कागद उजेडाला धरला, विचारलं, सुमन, पढ़ना आता है? म्हणलं, मराठी येतं साहेब, इंग्रजी नाही. अच्छा म्हणाले आणि गेले. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. अशा माणसाची मला लई भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी माझं आधार कार्ड मागितलं, दोन फोटो मागितले. आणि भांडी घासता घासता मी ऐकलं, फोनवर कुणाला तरी सांगत होते, सुमन की शिक्षा का मैंने तय कर लिया है, अब देर नहीं. हातातलं पातेलंच निसटलं. दोन कागदांची शिक्षा! आता पोलीस येणार, काम जाणार, गावाकडे आईला काय तोंड दाखवू?

संध्याकाळी इंग्रजी फॉर्म पुढ्यात, माझा फोटो चिकटवलेला, यहाँ साइन करो. म्हणलं, बहिणीला दाखवते, मग करते. बिल्कुल, म्हणाले. एवढ्या सहज सोडतात म्हणजे त्यातही काहीतरी असणार, असं वाटलं.

मावसबहीण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात एका मराठी घरी कामाला आहे. तिथल्या वहिनींनी फॉर्म वाचला आणि हसत सुटल्या. अगं वेडे, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हा घरी बसून दहावी करायचा फॉर्म आहे! म्हणलं, वहिनी, परत वाचा, खालचं बारीक अक्षरातलंसुद्धा. बिचारीनं तीनदा वाचला. बहीण म्हणते, तू पुऱ्या तळून दहावी, मग मी चकल्या तळते, बीए होईन.

परत आले तर साहेब विचारतात, हो गई जाँच? माझी मान खाली. म्हणाले, शर्म कैसी, बड़े-बड़े मुल्क बिना पढ़े साइन कर देते हैं. मग मी सही केली.

आता दुपारची जेवणं झाली की तासभर ते मला इंग्रजी शिकवतात. उपकार कसे फिटायचे, कळत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मनात पाल अजून चुकचुकते, एवढं कोण कुणासाठी करतं? परवा हॉल तिकीट आलं, नावाचं स्पेलिंग मी स्वतः दोनदा तपासलं, बरोबर होतं. देव साहेबांना धडधाकट ठेवो, निदान माझा निकाल लागेपर्यंत तरी, आणि त्याच्यापुढंही.