मशिनीची ऊब

अकोल्याहून बार्शीटाकळीला जाणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"रुख्मिणीबाई, तुमचा अंकुर तिकडं पहाडात काहून गेला वं?"

"कम्प्युटरवर बिटकॉइन काढते ना तो. त्या मशिनी लय तापतेत जहाँआरा. आपल्या उन्हाळ्यात दोन जळल्या. तिकडं थंडी हाय, अन् पाण्यावरची वीज सस्ती."

"मंग कमावते का?"

"कायचं वं! भाव पडला. मी म्हनलं, बंद कर अन् घरी ये."

"मंग?"

"म्हनते, आई, घरमालकीण म्हातारी हाय, एकटीच. थंडीपायी मशिनीच्या खोलीतच झोपते. मी मशिनी बंद करून कसा येऊ?"

"या अल्ला! मंग तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनू? म्हनलं, चालू राहू दे बापा. झोपू दे तिले."