भिंत चाटणारी पोर

दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर निपचित लेक घेऊन बसलेल्या शिंपीणबाईचे कान शेजारच्या सासू-सुनेकडे लागले होते.

“आत्याबाई, आज डॉक्टरांना खरं सांगा. रक्तवाढीचं औषध तुम्ही आठवडाभर लपवलं होतं.”

“अगं, पोरीची शी काळी झाली! मला वाटलं, औषधच बाधलं.”

“लोहाच्या औषधानं तसं होतंच, असं नर्सताईंनी सांगितलं ना?”

“म्हणून तर आता मीच पाजते. एक दिवस चुकवत नाही.”

“गुण आला का हो, आजी?” शिंपीणबाईला राहवेना.

“गुण? तीन महिन्यांपूर्वी कोपऱ्यात बसून भिंतीची माती चाटायची. आता भिंतीवरच चढते! उतर गं माकडे, खिडकीतून!”

शिंपीणबाईनं परत करायला आणलेली तसल्याच औषधाची बाटली पिशवीतून काढली.

“आजी, एखादा चमचा आहे का हो?”