कुसाबाईची जागा

(सायखेडा. ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीचा निकाल आजच लागलाय. पडलेल्या धोंडीरामच्या ओट्यावर निवडून आलेली शेजारीण सगुणाबाई.)

सगुणाबाई : घ्या की पेढा, भावजी. पडलात म्हणून काय तोंड कडूच ठेवायचं?

धोंडीराम : मला पाडून मलाच पेढा, वहिनी? जागा माझ्या बायकोची, कुसाची. ती गेली म्हणून रिकामी झाली. मी नाय तर कोण उभं राहणार?

सगुणाबाई : मी. राहिले की.

धोंडीराम : तिच्या वर्षश्राद्धाला अख्खा वॉर्ड जेवला माझ्याकडं!

सगुणाबाई : प्रचाराचं जेवण समजून आले होते ते. खंडेरावानं हात धुताना विचारलं, दुसऱ्या पार्टीचं कधी?

धोंडीराम : तरीच. मी फोटोला हार घालत होतो, तर कारभारी मागून "विजय असो" ओरडला.

सगुणाबाई : सभेत तरी नीट बोलायचं. नदीवर बायकांच्या अंघोळीला आडोशाची भिंत बांधीन, एवढंच सांगायचं होतं.

धोंडीराम : सांगितलं की.

सगुणाबाई : कुठं! "कुसाचं ते काम पुरं करीन, ते काम पुरं करीन." अंघोळ म्हणायला लाजलात. निम्म्या बाप्यांना वाटलं, तुम्ही दारूचं दुकान काढताय.

धोंडीराम : म्हणून तर तेवढी तरी मतं पडली.

सगुणाबाई : बायकांचं एक नाय पडलं.

धोंडीराम : साळूचं पडलं असंल. सख्खी बहीण हाय माझी.

सगुणाबाई : तिनंच मला अर्ज भरायला लावला.

धोंडीराम : कुसा असती तर तिनं मलाच मत दिलं असतं.

सगुणाबाई : भावजी, दवाखान्यात तिनंच माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, माझ्या जागेवर तू उभी राहा, ह्यांचं काम नाय. पारावरच्या चार जणांनी डोळे वटारले की हे तंबाखू मळत बसतील.

धोंडीराम : अशी म्हणाली?

सगुणाबाई : अशीच.

धोंडीराम : तिचंच बोलणं हाय हे. दुसरं कुणी असं बोलत नाय मला.

सगुणाबाई : पुढंही म्हणाली. दगड मात्र ह्यांच्याच गाडीतून आण. गाडी भरली की रिकामी करेपर्यंत ह्यांना घास गिळत नाय.

धोंडीराम : ती गेल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं, वहिनी.

सगुणाबाई : मग पेढा खा आन् बैलं जुंपा.

धोंडीराम : जुंपतो. किती राहिलंय?

सगुणाबाई : ती ठेवून गेली तेवढंच हाय. पाया भरलाय. भिंत व्हायचीय.