खुर्चीवरची फाईल

दाखल्याच्या लायनीत माझ्यापुढं सौंदडचे गुलाबचंदभाऊ होते, संग त्यांची पोरगी सोनिका. खिडकीत ईश्वरदास बाबू, बाजूला नवीन कंप्युटरवाली योगेश्वरी मॅडम.

"बाबूजी, आज पाचपर्यंत जातीचा दाखला नाही लावला त पोरीची नर्सिंगची सीट जाते."

"फाईल वर साहेबाकडं आहे. मी काय करू?"

"मागच्या सोमवारीबी हेच सांगितलं तुम्ही."

"मंग आजबी तेच सांगून राहिलो."

"मॅडम, तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमंदी दिसते का जी?" सोनिकानं विचारलं.

"दिसते न. कोणाकडून कोणाकडं गेली, सगळं. पावतीचा नंबर सांग."

"एकवीसशे सात."

"काऊन टाईमपास करतेस, योगेश्वरी? लाईन वाढून राहिली."

"दोन मिनिटं, बाबूजी. साहेबाची सही एक तारखेलेच झाली. एकोणीस दिवसांपासून फाईल तुमच्या नावावर लाल दिसून राहिली."

"माह्याकडं कुठं? टेबल पाहा, कपाट पाहा."

"सकाळीच पाहिलं."

"मंग?"

"तुमची खुर्ची मधात तुटली, म्हणून तुम्ही तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवून बसता न. जरा उठता का?"

बाबू हळूच उठले. वरून तिसरी फाईल सोनिकाची निघाली. बाबू बसाले वाकले.

"थांबा जी," मागून एक बाई बोलली. "मॅडम, माहा नंबरबी पाहून घ्या. बाबूजी उभेच आहेत त."