कारणाचा रकाना

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी परदेशी माणसांना संगणकावरून मराठी शिकवते. व्यवसाय माझ्या नावावर रीतसर नोंदवला आणि जर्मनीतून पहिली फी आली. पण ती शिरूरच्या बँकेत अडकली. पैसे कशाचे, हे लिहून दिल्याशिवाय खात्यात जमा होईनात.

बँकेतला साहेब माझाच शाळेतला जुना विद्यार्थी. मला पाहताच उठून उभा राहिला.

"बसा बाई. फॉर्म मी भरूनच ठेवलाय. नुसती सही करा."

मी वाचल्याशिवाय सही करीत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, 'मुलाकडून घरखर्चासाठी'.

"हे तुला कोणी सांगितले?"

"सांगायचं काय त्यात, बाई? म्हाताऱ्या माणसांना परदेशातनं तेच येतंय की!"

मी जर्मनीला पाठवलेले फीचे बिल त्याच्यापुढे ठेवले. "ही माझी कमाई आहे. नवा फॉर्म घे आणि 'शिकवणीची फी' असे लिही."

त्याने तसे लिहिले. मी सही केली. मग न राहवून त्याने विचारले, "तुमचा मुलगा असतो कुठं मग, बाई?"

"इथेच, निमोण्याला. शेतात शेवंती लावतो. या पैशांतून त्याला ठिबक सिंचनाचा संच घेऊन देणार आहे. तसा रकाना असेल, तर तोही भर : 'आईकडून शेतीखर्चासाठी'."